सायकली आहेत, सांभाळणारे थकले

जुन्या नाशकातल्या वाड्यांत रॅले, बीएसए या जुन्या विलायती सायकली अजून सापडतात; मालक सत्तरीपार, मुलं पुण्याला. म्हणजे पुढचा मुक्काम बहुधा भंगारात.

टायरची चिंता नको, २८ × १½ आपल्याकडे अजून बनतात. अडतं कॉटर पिनपाशी, म्हणजे पेडलचा दांडा (क्रँक) आसाला घट्ट धरणाऱ्या खिळीपाशी. ती काढताना नट पूर्ण काढून ठोकलं की आटे चेपतात. नट पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा, आदल्या रात्री तेल सोडा, क्रँकखाली लोखंडी पाइप उभा धरा, मग एकच जोरदार घाव. जुन्या रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटला (पेडलचा आस फिरतो त्या नळीला) इंचाला २६ आटे असतात. २४ आट्यांचा कप (आसाची बेअरिंग धरणारी वाटी) दामटलात तर फ्रेम बाद!

स्टर्मी-आर्चर हबवर (चाकाच्या मधल्या गिअरवाल्या भागावर) बहुधा साल कोरलेलं असतं. ते आणि फ्रेम नंबर वहीत लिहा, सुट्या भागांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावा. वारसाला गंजलेल्या दहापेक्षा चालू एकच द्या.