लास व्हेगासला मार खायला गेले होते

"लास व्हेगासला जातेय," म्हटल्यावर आईने फोनवर विचारलं, "जुगार खेळायला?" म्हटलं, नाही, व्हिडिओ गेम खेळायला. "मग त्यापेक्षा जुगार बरा," म्हणाली. "निदान चार पैसे येण्याची शक्यता तरी असते."

तर ही ऑगस्ट 2023 मधली हकिगत. लिहायला नोव्हेंबर उजाडला, कारण दिवाळीआधी फराळ आणि ऑफिस यांतून डोकं वर काढता येईना. माझी ओळख थोडक्यात: वय एक्केचाळीस, मूळची सांगलीची, सध्या मुक्काम कॅलिफोर्नियातलं अर्व्हाईन, नोकरी विम्याच्या दाव्यांचे आकडे तपासण्याची. जूनच्या 2 तारखेला 'स्ट्रीट फायटर 6' बाजारात आला तोपर्यंत मारामारीचा एकही गेम मी धड खेळले नव्हते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच गेमच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, म्हणजे ईव्होमध्ये, मी गळ्यात खेळाडूचा बिल्ला अडकवून उभी होते.

हे कसं जमलं, असं बरेच जण विचारतात. जमलं काहीच नाही. ईव्होला पात्रता फेरी नसते. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे, की तुम्ही मुख्य स्पर्धेत. जपानचा दाइगो उमेहारा हा दिग्गज खेळाडू ज्या तक्त्यात, त्याच तक्त्यात विम्यातल्या बाई. 1996 साली सनीव्हेलमध्ये 'बॅटल बाय द बे' नावाने चाळीसेक पोरांनी जमून सुरू केलेली ही स्पर्धा. 2002 पासून तिचं नाव ईव्हो झालं आणि पुढे ती व्हेगासला गेली. 2023 ला एकट्या स्ट्रीट फायटर 6 ला सात हजारांवर नावं होती. दार मात्र अजून तसंच उघडं आहे.

आमच्याकडे कुंडलचं कुस्ती मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. दुपारी रेवडीवरच्या कुस्त्या, शेंबडी पोरं लंगोट सावरत एकमेकांना लोळवताहेत, आणि दिवस कलल्यावर त्याच तांबड्या मातीत नामवंत पैलवान. फरक इतकाच, की तिथे पंच अंगलट बघून जोड लावतात. इथे जोड संगणक लावतो, आणि तो तुमच्या अंगाकडे ढुंकूनही बघत नाही.

गेमशी माझं नातं दादामुळे. नव्वदच्या दशकात विश्रामबागेत एका सायकलच्या दुकानामागे व्हिडिओ पार्लर होतं. रुपयाला एक टोकन. दादा तिथे जुन्या स्ट्रीट फायटरमधला ब्लँका हा लढवय्या घेऊन पडलेला असायचा आणि त्याला जेवायला बोलवायची ड्युटी माझी. पार्लरमध्ये मुली जात नसत. तशी पाटी कुठे नव्हती, पण जात नसत. मी दारातून "दादा, आई बोलावतीय" ओरडायचे आणि तो मशीनमधून येणाऱ्या "आडुगेन" आरोळ्यांच्या गदारोळात मागे न बघता "हा डाव संपू दे" म्हणायचा. तो डाव कधी संपला नाही. दाराच्या चौकटीतून मला स्क्रीनचा डावा अर्धा भाग तेवढा दिसायचा. उजवीकडचा माणूस मार खातोय की देतोय, हे पोरांच्या आवाजावरून ओळखायचं.

नव्या गेममध्ये 'मॉडर्न' नावाची सोय आहे. एरवी ज्या चालीला बोटांची कसरत लागते ती इथे एका बटणावर निघते. बदल्यात त्या फटक्याची ताकद वीस टक्क्यांनी कमी. दादा याला सरळ सरळ लबाडी म्हणतो. मी म्हणते, वीस टक्के दंड भरूनच खेळतेय की. ज्यांचं बालपण पार्लरच्या दाराबाहेर गेलं त्यांनी तीस वर्षांचा बॅकलॉग बोटांनी भरून काढावा, ही अपेक्षाच चुकीची.

खेळाडू निवडली मारिसा. सहा फुटांवर उंच, इटलीची, दागिने घडवणारी आणि एका बुक्कीत समोरच्याचा बराच जीव काढणारी बाई. भारतीय म्हटल्यावर लोकांना वाटतं मी धालसिम घेणार, तोच तो गळ्यात कवट्या घालून तोंडातून आग ओकणारा योगी. नाही हो. हातपाय ताणणं ऑफिसच्या योगावर्गात पुरेसं होतं.

गुरुवारी अर्व्हाईनहून निघालो, मी आणि नवरा. वाटेतल्या बेकर गावाजवळचा तो 134 फुटी थर्मामीटर लागला, बाहेर भट्टी. नवऱ्याने डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या आणि तोच या सहलीतला एकमेव सुज्ञ निर्णय ठरला, कारण स्पर्धा जिथे होती त्या मँडले बे हॉटेलात पाण्याच्या बाटलीची किंमत बघूनच घसा कोरडा पडतो.

शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये शिरले. माझ्या डोक्यात 'स्पर्धा' म्हणजे स्टेज, दिवे, निवेदक. तसं एका टोकाला होतंही. पण बाकीचा हॉल म्हणजे लांबच लांब टेबलं, त्यांवर मॉनिटर आणि प्लेस्टेशन, प्रत्येक रांगेला पूलच्या, म्हणजे गटाच्या, क्रमांकाची पाटी. पाठीवर सॅक, काखेत कंट्रोलर घेतलेली हजारो माणसं आपापली पाटी शोधत फिरताहेत. बोर्डाच्या परीक्षेला नंबर शोधताना जी नजर असते, तीच इथेही. एक गोष्ट बायकांसाठी नोंदवून ठेवते: एवढ्या गर्दीत आमच्या स्वच्छतागृहाला रांग नव्हती. पुरुषांची पार कोपऱ्यापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदाच.

पद्धत अशी. तुमच्या पूलला ठरलेली वेळ असते. वेळेत जाऊन पंचाकडे हजेरी लावायची. नाव पुकारलं आणि तुम्ही नाहीत, तर बाद. कंट्रोलर स्वतःचा आणायचा. बसल्यावर आधी बटणं तपासायची, मग मुठीला मूठ लावायची आणि सुरू. तीनपैकी दोन गेम जिंकेल तो पुढे. एकदा हरलात की हरलेल्यांच्या तक्त्यात, दुसऱ्यांदा हरलात की घरी. मध्येच चुकून पॉज दाबलं तर राऊंड गेला. आणि उठताना आपला वायरलेस कंट्रोलर त्या मशीनपासून तोडून जायचं, नाहीतर तुम्ही पलीकडे सॅकमध्ये हात घातलात आणि इथे कुणाच्या ऐन लढतीत मेनू उघडला, असं होतं. पंच हे वाक्य दर पाच मिनिटांनी ओरडत होते.

आकडे हा माझा धंदाच, त्यामुळे आदल्या रात्री गणित मांडलं होतं. पहिल्या फेरीत निम्मे हरतात. ते हरलेले आपसांत खेळतात, त्यांतले निम्मे पुन्हा हरतात. म्हणजे काहीही झालं तरी साधारण चौथा हिस्सा एकही लढत न जिंकता घरी जाणार. सात हजारांतले सतराशेच्या वर. गेम कितीही बदलो, खेळाडू कितीही भारी येवोत, हा वाटा ठरलेला. त्यात विजेता सोडून प्रत्येक जण दोनदा हरणार, उपविजेतासुद्धा. हे कागदावर बघितल्यावर मला शांत झोप लागली. नवरा म्हणाला, असं समाधान फक्त विम्यातल्या माणसालाच मिळू शकतं.

पहिला प्रतिस्पर्धी विशीतला मुलगा. त्याच्या मांडीवर दांडा नसलेला, नुसत्या गोल बटणांचा सपाट डबा. त्यावर बोटं हार्मोनियमसारखी चालत होती. त्याने केन नावाचा लढवय्या घेतला. माझी सगळी मदार ड्राइव्ह इम्पॅक्टवर: जोरात शाई उडाल्यासारखा रंग फुटतो, समोरून आलेले फटके अंगावर झेलत तुमचा खेळाडू पुढे घुसतो. ऑनलाइन कांस्य आणि रौप्य या खालच्या पातळ्यांवर या एका चालीवर मी कितीतरी लोकांना रडवलं होतं. या पोराने प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, माझा रंग फुटताक्षणी स्वतःचा इम्पॅक्ट परत मारला. माझा धक्का मलाच परत. डोळ्यांना दिसल्यापासून बोट हलेपर्यंतचा वेळ या मुलाच्या बाबतीत नसतोच बहुतेक. काही मिनिटांत दोन्ही गेम संपले. मूठ पुढे करून "गुड गेम्स" म्हणाला. गुड कुठले, पण सभ्य होता. जाता जाता एवढं सांगून गेला: प्रत्येक वेळी एकाच अंतरावरून मारताय, म्हणून दिसतं.

दुसरी लढत मात्र माझ्या कायम लक्षात राहील. समोर टेक्सासचे गृहस्थ, पन्नाशी ओलांडलेले, चष्मा कपाळावर. मांडीवर लाकडी जॉयस्टिक, तिच्यावरची स्टिकरं झिजून पांढरी झालेली. त्यांनी गाइल घेतला. गाइलवाल्यांचा जीव सोनिक बूममध्ये: मागे दाबून धरायचं, मग पुढे ढकलून बुक्कीचं बटण, की चक्र सुटतं. लांबून चक्रं सोडत राहायची, वैतागून कुणी उडी मारली की खाली पाडायचं. पहिला गेम असाच गेला. मी उड्या मारत राहिले आणि ते पाडत राहिले.

दुसऱ्या गेममध्ये उडी पूर्ण बंद केली. चालत गेले. एक पाऊल, थांब, झेल. पुन्हा एक पाऊल. मारिसा अशी निवांत चाललेली बघून मागे उभं कुणीतरी हसलं. त्यांचा गाइल हळूहळू मागे सरकत गेला आणि त्याची पाठ कोपऱ्याला लागली. आता गंमत अशी, की चक्र सोडायला गाइलला हात पुढे करावा लागतो आणि तेवढा क्षण तो मोकळा असतो. अंतर कमी होतं. त्यांचा खांदा हलला, स्क्रीनवरचा नव्हे, शेजारी बसलेल्या माणसाचा खराखुरा खांदा, कारण ते जॉयस्टिक सगळ्या अंगाने ढकलत. मी इम्पॅक्ट मारला. चक्र मारिसाच्या अंगावर विरलं, गाइल भिंतीवर आपटला आणि पुढचा हिशेब मी निवांतपणे पूर्ण केला. घरी बसून ऑनलाइन खेळताना खांदा दिसत नसतो! तिसरा गेम मी तो खांदाच बघून खेळले. शेवटच्या राऊंडला घड्याळाची 99 सेकंदं जवळजवळ संपत आली होती.

जिंकल्यावर मी जे ओरडले ते शुद्ध सांगलीकडचं होतं आणि इथे छापण्यासारखं नाही. गृहस्थ हसले. 1990 च्या दशकात आपण याच गेमच्या जुन्या भागांसाठी पिझ्झाच्या दुकानात पावल्या घालायचो, असं सांगत बराच वेळ गप्पा मारत बसले. खांद्याचं मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडली तर?

तिसऱ्या लढतीत समोरच्याने जेपी हे पात्र घेतलं. हा म्हातारा काठी टेकत लांब उभा राहतो आणि जमिनीतून भाले काढतो. एक गेम हिसकावला, पण बाकीचे दोन त्याने मला जवळही येऊ न देता खाल्ले. जेपीबद्दल माझं मत सभ्य भाषेत मांडता येणार नाही.

बाद झाल्यावर खरं तर स्पर्धा सुरू होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये कुणाच्याही मागे उभं राहून बघता येतं. ज्यांचे व्हिडिओ लावून मी भांडी घासते ती माणसं हाताच्या अंतरावर बसून खेळत होती. ना दोरी, ना सुरक्षारक्षक. टेक्केन या दुसऱ्या मारामारीच्या गेमच्या बाजूला लाहोरच्या अर्सलान अशभोवती ही गर्दी. त्याने 2019 मध्ये ईव्हो जपान आणि ईव्हो दोन्ही जिंकून जगाला चकित केलं होतं. 2023 मध्येही जपान आधीच खिशात होतं आणि हेही त्याने जिंकलं. आमच्या घोळक्यात सिंधी, पंजाबी, तमिळ आणि मी. सगळे हिंदी-उर्दूच्या खिचडीत ओरडत होतो. क्रिकेटच्या मैदानात हे चित्र स्वप्नातही दिसणार नाही.

रविवारी रात्री स्ट्रीट फायटरची अंतिम लढत: डोमिनिकन रिपब्लिकचा मेनाआरडी आणि संयुक्त अरब अमिरातींचा अँग्रीबर्ड. अँग्रीबर्डचा केन. माझ्या पहिल्या लढतीतला तोच केन, तेच लाथांचे प्रकार. पण इथे समोरचा कुठे उभा आहे त्यावरून प्रत्येक लाथेचं अंतर बदलत होतं. माझ्या शेजारी बसलेल्या नवऱ्याला पाच मिनिटांत मी ड्राइव्हची हिरवी पट्टी, ती संपली की येणारी धाप, कोपऱ्याची भीती हे सगळं समजावलं, आणि अँग्रीबर्ड जिंकला तेव्हा तो माझ्याआधी उभा राहिला.

नंतर सप्टेंबरात हांगझौच्या एशियाडमध्ये स्ट्रीट फायटर 5 पदकासाठी खेळला गेला. सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं, वय 44. ही बातमी मी घरातल्या ग्रुपवर टाकली आणि कुणी काही बोलायच्या आत फोन बंद करून ठेवला.

दादाशी ऑनलाइन खेळून बघितलं. ईव्होच्या संस्थापकांपैकी टोनी कॅनननेच ते रोलबॅक तंत्र आणलं, ज्यामुळे घरबसल्या लांबच्या माणसाशी बऱ्यापैकी खेळता येतं. पण पुणे ते कॅलिफोर्निया म्हणजे त्यालाही दम लागतो. माणसं जागच्या जागी उड्या मारल्यासारखी दिसतात. दर हरलेल्या गेमचं खापर दादा इंटरनेटवर फोडतो, जिंकलेल्याचं नाही. डिसेंबरमध्ये सुट्टीला येतोय. एकाच सोफ्यावर, एकाच टीव्हीसमोर, वायर लावून खेळायचं ठरलंय. तो ब्लँकाच घेणार, आणि ब्लँका अंगाचा गोळा करून येण्याआधी दादाचा कुठला खांदा हलतो ते मला बघायचंय.