पाणी कुठवर आहे?

बाबांचं बालपण श्रीरामपूर तालुक्यात, पाटाच्या कडेला गेलं. "भंडारदऱ्याचं सुटलं", म्हणजे धरणाचं पाणी पाटात सोडलं, एवढं कुणी म्हटलं की आजोबा कंदील घेऊन रात्री-बेरात्री उसाला दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यांत वळवायला निघायचे आणि बाबा झोपाळल्या डोळ्यांनी त्यांच्या मागे. पाटकऱ्याने दिलेली पाळी चुकली तर पुढच्या आवर्तनापर्यंत, म्हणजे धरणातून पुन्हा पाणी सुटेपर्यंत वाट बघायची. हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय की तो पाट मला तोंडपाठ आहे. पण ते पाणी जिथून यायचं ते धरण मात्र बाबांनी वयाच्या 72 व्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं. या फेब्रुवारीत त्यांना आणि आईला तिकडे न्यायचं ठरलं, आणि तेही दोन रात्री तंबूत राहायला.

भंडारदऱ्याला मी आधी दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा तारीख ठरवताना मी फक्त सुट्टी पाहिली होती. पाण्याचा विचार केलाच नव्हता.

पहिल्यांदा गेलो ते दिवाळीच्या सुट्टीत. धरण काठोकाठ होतं. रतनगडाची सावली पाण्यात पडलेली, खाचरांच्या बांधाला पाणी टेकलेलं. डोळ्यांना याहून सुंदर काही नको, पण तंबू लावायला काठ कुठे होता? भात नुकतंच कापलेल्या खाचरात तंबू लागले. खालची जमीन ओली आणि पाठीला धसकटं टोचणारी. पहाटे तर तंबूच्या आतून दव गळत होतं. पाण्याच्या इतक्या जवळ, इतक्या खोलगट जागी झोपल्यावर दुसरं काय होणार? थंड हवा जड असते, रात्री ती डोंगरावरून खाली उतरते आणि सगळ्यात सखल जागी साचते. नुसतं चार-पाच पुरुष उंचीने वर सरकलो असतो तरी फरक पडला असता.

दुसऱ्यांदा मे महिन्याच्या शेवटी गेलो, काजव्यांसाठी. पाहतो तर तलाव जागेवर नाही! म्हणजे होता, पण भेगाळलेल्या गाळातून वीसेक मिनिटं चालल्यावर. आमच्या गटातल्या मुलांनी आठवडाभर 'पाण्याकाठी तंबू' असं घोकलं होतं. त्यांचे उतरलेले चेहरे मला अजून दिसतात.

रात्री मात्र त्या मुलांना हाताला धरून जंगलाच्या कडेला नेलं. आधी एखाद-दुसरा ठिपका. मग एक सादडा, त्याच्या शेजारचा हिरडा, आणि बघता बघता अख्खं झाड एकाच वेळी पेटायचं, विझायचं, पुन्हा पेटायचं. मुलांचा आवाज आपोआप बंद झाला. हा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. आपण बॅटरी मारली, मोबाइलचा फ्लॅश उडवला, गाडीचे दिवे चालू ठेवले की ती साद मध्येच तुटते. पाऊस जोरात लागेपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे त्यांच्या हाती असतात. म्हणून कळकळीने सांगते, काजवे बघायला जाणार असाल तर अंधारात उभं राहायची तयारी ठेवा, फोटो नाही आला तरी चालेल. आणि त्या दिवसांत वळवाचं वादळ कधी येईल सांगता येत नाही. आमच्या दोन तंबूंच्या खुंट्या मध्यरात्री उपटल्या गेल्या आणि आम्ही उरलेली रात्र गावातल्या एका मावशींच्या पडवीत काढली.

घरी आल्यावर शांतपणे विचार केला तेव्हा उलगडलं, की आपण ज्याला 'लेक' म्हणून ठिकाण शोधतो त्याला तिथले लोक तलाव म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'धरण'. आणि धरणाचा काठ जागेवर थांबत नाही. प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि थोडं अंतर जाते न जाते तोच तिला शेंडी गावाजवळ विल्सन धरण, म्हणजेच आपलं भंडारदऱ्याचं धरण, अडवतं. 1910 मध्ये बांधायला घेतलेलं हे दगडी धरण 1926 साली पूर्ण झालं. उंची 80 मीटरच्या वर आणि साठा साधारण 11 टीएमसी, म्हणजे 11 अब्ज घनफूट. पावसाळ्यात हे भरतं आणि मग रब्बीची, उन्हाळी अशी आवर्तनं सुटतात. पाणी नदीने ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून डाव्या-उजव्या कालव्याने संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे. 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला तो याच पाण्यावरच्या उसावर. म्हणजे आपल्या तंबूपुढचं पाणी किती दूर असेल, हे शंभरेक किलोमीटरवरच्या कुणाच्या तरी शेतावर ठरतं. माझ्या आजोबांच्या शेतावरसुद्धा ठरलंच असेल!

म्हणून या वेळी आधी फोन लावला तो धरणाकाठच्या पांजरे गावाच्या बाजूला तंबू लावणाऱ्या दादांना, आणि पहिला प्रश्न विचारला, "दादा, पाणी कुठवर आहे?"

"आवर्तन सुटलंय ताई. पाणी खाली चाललंय. तुम्ही येईस्तवर खालचा माळ मोकळा होईल, गवतबी ऱ्हाईल अजून. पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन येताय, तर तंबू वरच्या टप्प्यावर लावू. बाथरूमबी जवळ पडंल."

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हाच आई-बाबांसारख्यांसाठी उत्तम काळ, असं माझं मत झालंय. काठ रुंद झालेला असतो, चिखल वाळलेला असतो, थंडी अंगावर घेण्याजोगी असते. तारखेसाठी कालनिर्णय समोर घेऊन बसले. बाबांना नक्षत्रं बघायची होती, म्हणजे अमावास्येच्या जवळचा शनिवार हवा. पण माघातल्या अमावास्येच्या आदल्याच दिवशी महाशिवरात्र, आणि रतनवाडीच्या अमृतेश्वराला त्या दिवशी मोठी गर्दी. शेवटी आठवडाभर आधीची वद्य अष्टमीच्या सुमाराची रात्र धरली. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, झोपेपर्यंत आकाश काळंभोर मिळतं.

सामानाचं फार सांगत नाही. आईच्या गुडघ्यांसाठी फोल्डिंगची खुर्ची आणि तंबूत घालायला सतरंजी, एवढ्या दोन गोष्टी नसत्या तर तिची सहल झाली नसती. तंबूतल्या पातळ गादीखाली सतरंजी असली की जमिनीचा गारवा वर येत नाही. कानटोप्या, सुटे पैसे आणि बाबांच्या गोळ्या या एका वेगळ्या पिशवीत. रतनवाडीच्या बाजूला मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

कसारा घाट चढून घोटीला वळलो, बारी गाव मागे टाकलं तेव्हा डावीकडे कळसूबाईचं शिखर दिसत होतं की उजवीकडे, यावर आई-बाबांचा वाद चालू होता. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. मी गाडी थांबवून दोघांना उतरवून दाखवलं. शेंडीला आधी धरणापाशी गेलो. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढ्या लांबून यायचं होय रे ते."

धरणाला वळसा घालणारा रस्ता साधारण 40 किलोमीटरचा आहे. मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, मुरशेत. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडायची आणि निवांत जायचं. हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं, तेव्हा गाण्यांचा दणदणाट आणि प्लास्टिक घरीच ठेवायचं. अमृतेश्वराच्या देवळाजवळच्या पुष्करणीत भोवतीने कोरीव देवळ्या आहेत, त्यांच्यात विष्णूच्या मूर्ती. आई पायरीवर टेकली ती अर्धा तास उठायला तयार नव्हती. घाटघरच्या कड्यावर मात्र वारा इतका, की पाच मिनिटांत परत फिरलो.

संध्याकाळी दादांच्या घरून नाचणीच्या भाकरी, पिठलं, ठेचा आणि इंद्रायणीचा भात आला. तंबूची तोंडं पाण्याकडे केली होती, कारण रात्रीचा गार वारा मागच्या कळसूबाईच्या रांगेवरून उतरतो, आणि तो पाठीवर घेतलेला बरा. समोर पाणी, त्यापलीकडे रतनगड. नऊच्या सुमाराला दक्षिणेला, डोंगराच्या थोडा वर, अगस्त्य लखलखत होता. मृग डोक्यावर, त्याच्या मागे व्याध. बाबा हे तारे ओळखायला शिकले ते दारं धरताना, वाफा भरेपर्यंत बांधावर बसून. "मृग डोक्यावर आला की अण्णा म्हणायचे, आता घरी जा, झोप." अण्णा म्हणजे माझे आजोबा. हे त्यांनी मला याआधी कधी सांगितलं नव्हतं.

झोपण्याआधी बाबा काठी टेकत खाली पाण्यापर्यंत गेले आणि पाणी जिथे टेकलं होतं तिथे नेमका एक पांढरा दगड ठेवून आले. का ते विचारलं तर म्हणाले, सकाळी बघू.

सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते तिथेच उकिडवे बसले होते. दगड कोरडा होता. पाणी दीड वीत मागे गेलेलं, मधल्या गाळावर ओलाव्याची बारीक रेघ. बाबांनी त्या रेघेवर पंजा पालथा ठेवला.

"आलं असेल गं ओझरला," ते म्हणाले. "कुणीतरी रात्रभर जागं असेल."