रिपोर्ट कुणाच्या नावावर?

रोज सकाळी साडेनऊला आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो यायचा. काल किती बिलं झाली, कुठल्या भागात किती माल गेला, कुणाची वसुली अडकली, सगळं एका चौकटीत. दोन वर्षं आम्ही तो फोटो बघत होतो आणि त्यालाच 'रिपोर्ट' म्हणत होतो. ऑगस्टअखेर तो करणारा मुलगा पुण्याला नोकरी लागून गेला. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी फोटो आला नाही. दुपारी साहेबांनी केबिनमधून हाक मारली, "अहो, तुमचं एक्सेल चांगलं आहे ना? मग हे जरा बघा."

मी अकाउंट्सची. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) आमचा कारखाना पंपांचे सुटे भाग करतो. विक्रीला चार जण बाहेर फिरतात: भरूच-अंकलेश्वर, हालोल-गोध्रा, आणंद-नडियाद आणि वापी. मला वाटलं, कुठेतरी एक फाइल असेल, ती उघडायची, आकडे बदलायचे, फोटो काढायचा. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल. नवरात्र उलटून गेलं तरी मी त्यातच होते.

पहिला शोध असा लागला, की तो रिपोर्ट आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट करायच्या सॉफ्टवेअरवर त्या मुलाच्या 'माय वर्कस्पेस'मध्ये होता. ही प्रत्येकाची खाजगी खोली. फुकटच्या लायसन्समध्ये तिथे बसून हवं ते करता येतं, पण दुसऱ्याला आत घेता येत नाही. म्हणून तर बिचारा रोज स्क्रीनचा फोटो काढून पाठवायचा! आम्हाला ती त्याची हौस वाटायची. लॅपटॉप त्यानं नियमाप्रमाणे परत केला होता, आणि तो लगेच फॉरमॅटही झाला होता.

त्याला फोन केला. "ताई, मूळ फाइल लॅपटॉपवर होती. पण माझं अकाउंट अजून उडवलं नसेल तर आतून काढता येईल बघा." आमचं कॉम्प्युटरचं काम बाहेरचा एक माणूस बघतो. त्यानं अकाउंट नुसतं बंद केलं होतं, महिनाअखेर डिलीट करणार होता. नशीब. ॲडमिनला दुसऱ्याच्या माय वर्कस्पेसमध्ये शिरता येतं, फक्त २४ तासांसाठी. त्या २४ तासांत आम्ही फाइल उतरवून घेतली. ती मी तीन ठिकाणी ठेवली, एक प्रत पेनड्राइव्हवर घालून साहेबांच्या तिजोरीतसुद्धा. तेव्हा हसले होते सगळे.

मग खर्चाचा विषय. सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर रिपोर्ट बघायचा, तर तो सामायिक वर्कस्पेसमध्ये हवा, आणि आमच्यासारख्या छोट्या कंपनीत करणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं, बघणाऱ्यालाही. एप्रिल २०२५पासून त्याचा डॉलरमधला भाव माणशी महिना १० वरून १४ झालेला. साहेब म्हणाले, "करणाऱ्याचे पैसे समजू शकतो. बघायचेसुद्धा?" त्यांचा भाचा तिथेच होता, तो म्हणाला की एक फुकटचा रस्ता आहे, 'पब्लिश टू वेब' दाबायचं, लिंक मिळते, लॉगिनसुद्धा लागत नाही. लॉगिन लागत नाही ते खरंच आहे. कारण तो रिपोर्ट साऱ्या जगाला उघडा होतो. लिंक कुणाच्याही हाती लागली की आमची गिऱ्हाइकं, आमचे भाव, आमची थकबाकी, सगळं समोर. मी साहेबांना एवढंच विचारलं, "वसुलीची यादी मांडवीच्या दरवाजावर चिकटवायची का?" सात लायसन्स मंजूर झाली.

आता डेटा. बिलं टॅलीत होतात, तिथून रोज संध्याकाळी एक्सेल फाइल निघते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची ती फाइल आणि इंटरनेटवरचा रिपोर्ट यांच्यात निरोप्याचं काम करतो त्याला गेटवे म्हणतात. गेटवे दोन जातींचा. एक पर्सनल मोडचा, ज्यानं बसवला त्याच्याच कामाचा. दुसरा स्टँडर्ड, ज्यात इतरांनाही जोडता येतं. आमचा अर्थातच पर्सनल होता. आणि रिपोर्ट फाइल शोधत होता ती त्या मुलाच्या नावाच्या फोल्डरात, डेस्कटॉपवर, 'न्यू फोल्डर'मध्ये. म्हणजे माणूस पुण्यात, आणि त्याचं नाव आमच्या प्रत्येक जोडणीत.

स्टँडर्ड गेटवे नव्यानं बसवला. बसवताना एक रिकव्हरी की ठरवायला लागते, निदान ८ अक्षरांची. पुढे कधी कॉम्प्युटर बिघडला आणि गेटवे दुसऱ्या मशीनवर न्यायचा झाला, तर हीच लागते, आणि ती विसरलात तर कुणीही काढून देऊ शकत नाही. फाइलसाठी कुणाच्याही नावाचं नाही असं एक फोल्डर केलं, रिपोर्टमधला पत्ता बदलला. इथे एक गोष्ट माझे दोन दिवस खाऊन गेली: रिपोर्टमध्ये लिहिलेला फाइलचा पत्ता आणि गेटवेमध्ये नोंदवलेला पत्ता तंतोतंत एक हवा. मी एकीकडे डी ड्राइव्हचा लिहिला होता, दुसरीकडे नेटवर्कचा. फाइल तीच, पण मशीनला ते कसं कळणार?

सकाळी ७ची रिफ्रेश लावली, म्हणजे तेव्हा रिपोर्टनं आपणहून फाइलमधले नवे आकडे ओढायचे, आणि खुशीत घरी गेले. दुसऱ्या दिवशी फेल. तिसऱ्या दिवशी फेल. चौथ्या दिवशीही. पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि मी दहाला येऊन हातानं बटण दाबलं की सगळं सुरळीत. पाचव्या दिवशी तर रिफ्रेशचं वेळापत्रकच बंद झालेलं दिसलं. लागोपाठ चार वेळा फसलं की पॉवर बीआय आपणहून ते बंद करतं. मी त्या बाहेरच्या माणसाला दोनदा बोलावलं, त्यानं गेटवे काढून परत घातला, विंडोज अपडेट केलं, राउटरला दोष दिला. शेवटी उलगडा केला तो चहावाल्यानं. तो सहज म्हणाला की नवरात्र आहे, वॉचमनकाका आठलाच मेन स्विच पाडून गरब्याला पळतात, सकाळी चढवतात साडेआठला. बडोद्यात नवरात्रात कुणाला काय बोलणार! रिफ्रेशची वेळ ९ केली. प्रोमध्ये दिवसाला ८ वेळा लावता येते, पण आमची फाइल दिवसातून एकदाच बदलते, तेव्हा एकच पुरे. नवरात्र संपल्यावर त्या कॉम्प्युटरला वेगळा बोर्ड करून घेतला आणि स्विचवर गुजरातीत चिठ्ठी लावली: 'बंध करवुं नहीं.'

आता मुख्य भानगड. प्रत्येकाला फक्त आपापला भाग दिसावा, असं साहेबांचं म्हणणं. कारण डिस्काउंट भागागणिक वेगळं असतं आणि ते एकमेकांना कळणं बरं नव्हे. यासाठी ओळींवर पहारा बसवायची सोय आहे. एक छोटा तक्ता करायचा, कुठला ईमेल आणि कुठला भाग. मग 'मॅनेज रोल्स'मध्ये नियम लिहायचा की तक्त्यातला ईमेल आणि आत आलेल्या माणसाचा लॉगिन एकच असेल तरच ती ओळ दाखव. मी केलं. 'व्ह्यू ॲज' म्हणून एक बटण असतं, त्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांनी रिपोर्ट बघता येतो. भरूचवाल्या काकांच्या डोळ्यांनी पाहिलं: फक्त भरूच-अंकलेश्वर. हालोलवाल्याच्या डोळ्यांनी: फक्त हालोल-गोध्रा. झकास.

वर्कस्पेसमध्ये चौघांना घेताना चार पर्याय आले: ॲडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्युटर, व्ह्यूअर. व्ह्यूअर म्हटलं तर उगाच परकेपणा वाटतो, आपलीच माणसं आहेत, म्हणून मी चौघांनाही मेंबर केलं.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला भरूचवाल्या काकांचा फोन. काका आमचे सगळ्यात जुने, मूळचे दांडिया बाजारातले, साहेबांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. आवाज अगदी गोड. "बेन, एक विचारू का? हालोलवाल्याला बारा टक्के सोडायची परवानगी आहे, मग मला दहाच का?"

मला खुर्चीवर बसल्याबसल्या घाम फुटला. आधी वाटलं नियमच चुकला. परत तपासला, बरोबर होता. मग वाचत बसले आणि कळलं: ओळींवरचा पहारा फक्त व्ह्यूअरसाठी असतो. ॲडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्युटर हे तिघे घरचे धरतात, त्यांना बदल करायचा हक्क असतो, म्हणून त्यांना सगळं दिसतं. माझ्या आपलेपणानं चौघांना पूर्ण घर उघडं करून दिलं होतं. आणि 'व्ह्यू ॲज'नं मला हे दाखवलं नाही, कारण ते नियम तपासतं, माणसाचा हुद्दा तपासत नाही.

साहेबांना जाऊन सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, तोवर काका त्यांनाही फोन करून झाले होते. साहेब रागावले नाहीत, पण बराच वेळ काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

चौघांना व्ह्यूअर केलं. तेवढ्यानंही भागत नाही. वेबसाइटवर डेटासेटच्या (म्हणजे रिपोर्टमागच्या डेटाच्या, हल्ली तिथे त्याला 'सिमँटिक मॉडेल' म्हणतात) 'सिक्युरिटी'त जाऊन, केलेल्या रोलमध्ये एकेकाचं नाव घालायला लागतं. नाही घातलं तर त्याला आकड्यांच्या जागी नुसती चूक दिसते. साहेबांना सगळं दिसावं म्हणून त्यांना मेंबर ठेवलं. वापीवाल्याला मात्र रिपोर्ट दिसत होता आणि तो पूर्ण कोरा होता. त्याचा मेसेज: "माझी विक्री शून्य दाखवता का?" तक्त्यात मी त्याचा रोजच्या वापरातला जीमेल लिहिला होता, लॉगिन होता कंपनीचा.

याच सुमारास स्टोअर्सच्या वहिनी आल्या. त्यांना माझा रिपोर्ट नको होता. त्यांना पंपाचा कुठला सुटा भाग किती लागतो याचा स्वतःचा तक्ता करायचा होता, माझ्याच डेटावरून. हे मागणं वेगळं, आणि ते वेगळं आहे हे मला साहेबांना समजावता येईना. त्यांचं एकच, "बघतातच आहेत ना? मग देऊन टाका."

घरी जेवताना हे सगळं सासऱ्यांना सांगत होते. ते सेंट्रल लायब्ररीचे जुने सभासद. सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेली ती लायब्ररी हा त्यांचा हळवा विषय, कुठल्याही गोष्टीवरून तिथे पोचतात. म्हणाले, "सोपं आहे की. संदर्भाचं पुस्तक तिथेच बसून वाचायचं असतं. घरी न्यायचं पुस्तक वेगळं, त्याची नोंद वेगळी. दोन्ही वाचकच." दुसऱ्या दिवशी मी साहेबांना हेच सांगितलं. रिपोर्ट बघणारा संदर्भ विभागात बसतो. ज्याला 'बिल्ड' परवानगी दिली तो डेटा वापरून स्वतःचं काहीतरी करू शकतो, एक्सेलमध्येही ओढू शकतो. साहेबांना एका मिनिटात पटलं. तेही लायब्ररीतलेच निघाले.

मात्र बिल्ड देण्याआधी मी एकदा थांबले, आणि बरं झालं. त्या डेटासेटमध्ये खरेदी भाव आणि नफ्याचा रकाना होता. रिपोर्टमध्ये तो दिसत नव्हता, त्या मुलानं 'हाइड' करून ठेवला होता. पण हाइड म्हणजे पडदा, कुलूप नव्हे. बिल्ड असलेल्याला तो शोधून काढता येतो. मी ते रकाने त्यातून काढले आणि ते असलेला वेगळा डेटासेट फक्त साहेबांसाठी केला. वहिनींना उरलेल्यावर बिल्ड दिलं आणि सगळे भाग दिसणाऱ्या वेगळ्या रोलमध्ये घातलं. रिपोर्ट लिंकनं शेअर करताना खाली दोन चौकोन असतात, पुढे शेअर करू द्यायचं का आणि बिल्ड द्यायचं का. दोन्हींवर आधीच बरोबरची खूण असते. मी इतके दिवस न बघता 'सेंड' दाबत होते.

दिवाळीच्या आधी सगळं जागेवर बसलं. मग एका संध्याकाळी यादी करताना लक्षात आलं, की डेटासेट माझ्या नावावर, गेटवे माझ्या नावावर, पासवर्ड माझा. मी उद्या आजारी पडले, नाहीतर मलाही पुण्याची नोकरी लागली, तर? साहेबांना मेंबरचं ॲडमिन केलं, गेटवेवर त्या बाहेरच्या माणसाला दुसरा ॲडमिन केलं. रिकव्हरी की पाकिटात घालून, पाकिटावर साहेबांची सही घेऊन तिजोरीत ठेवली, पेनड्राइव्हच्या शेजारी. या वेळी कुणी हसलं नाही. डेटासेटवर 'टेक ओव्हर', म्हणजे तो आपल्या नावावर घेणं, कुठून करायचं तेही साहेबांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं, गुजरातीत.

धनत्रयोदशीला भरूचवाल्या काकांचा फोन आला. "बेन, आता बरोबर आहे. फक्त माझंच दिसतं."

"हो काका, तसंच करायचं होतं."

"बरं केलंस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हालोलचं तेवढं सांग ना. बाराच आहे की वाढवलं?"