तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनवर ठेवून काय उपयोग?

"सिस्टर, आता मशीनवर ठेवून काय उपयोग?" औषध पोटात गेलेल्या पेशंटच्या घरचं कोणी ना कोणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे विचारतंच. औषध म्हणजे कीटकनाशक. सत्तरी-पेडण्याकडे आम्ही तसंच म्हणतो. गोव्यातल्या एका आयसीयूत मी बरीच वर्षं ड्युटी करते आहे. राउंडच्या गडबडीत दारात उभं राहून नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सांगते.

हा प्रश्न येतो तो घरातल्या आजोबांच्या आठवणीतून. ते व्हेंटिलेटरवर होते आणि गेले. पण त्यांचं शरीरच थकलं होतं. विषबाधेत बहुतेक वेळा शरीर धडधाकट असतं, विषाने ते अडवून धरलेलं असतं. विष उतरेपर्यंत श्वास कोणीतरी चालू ठेवायचा, मशीन त्यासाठी.

फवारणीची बरीच औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची. नसेकडून स्नायूला निरोप गेला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं, ते ही औषधं बंद पाडतात. मग निरोप वाजतच राहतो. लाळ, घाम, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, आणि छातीत इतकं पाणी की माणूस कोरड्यात बुडतो. त्यावर अ‍ॅट्रोपिन. एका अँप्यूलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुपीत, 0.6 मिलिग्रॅम. आधी पाच फोडायचे, पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर आहेच, तर दहा, मग वीस. बोटाला कापूस गुंडाळला तरी काच लागते. ट्रेमध्ये काचेच्या मानांचा ढीग होतो, आणि स्टेथोस्कोप काढून डॉक्टर "छाती कोरडी" म्हणतात तेव्हा कुठे आपण पाणी पितो.

खरी फसगत त्यानंतर. वाळपईकडचा एक तरुण दुसऱ्या दिवशी सकाळी बोलायला लागला, पेज मागितली. घरच्यांनी देवाला नारळ ठेवला. मी म्हटलं, "उशीवरून डोकं उचल बघू." उचलेना. ही पहिली खूण. एक ते चार दिवसांत मान, खांदे आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये याचं वर्णन केलं, इंटरमीडिएट सिंड्रोम. इथे अ‍ॅट्रोपिन चालत नाही. श्वास मशीनने द्यायचा आणि थांबायचं, कधी आठवडा, कधी तीन.

नेमकं याच वेळी त्याच्या मोठ्या भावाने मला तो प्रश्न विचारला. घरी नेतो म्हणाले. मी म्हटलं, "दादा, त्याला सगळं ऐकू येतंय. फक्त हलता येत नाही."

मण्यार चावल्यावरही असंच होतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस, पापण्या मिटलेल्या, बॅटरी मारली तरी बाहुल्या हलत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, गेला. आत तो जागा असू शकतो. आणि विष उतरलं की शरीर सावरू शकतं, म्हणून विषबाधेत हृदय थांबलं तरी आम्ही छाती दाबणं लवकर सोडत नाही.

सगळे वाचतात असं मी कोणालाच सांगत नाही. पॅराक्वॅट नावाचं तणनाशक पोटात गेलं असेल तर त्यावर उतारा नाही. ऑक्सिजन दिला तर फुप्फुसं आणखी जळतात, म्हणून तोही हात राखून द्यावा लागतो. त्या बेडजवळ उभं राहणं मला आजही जड जातं. उंदरांच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टचा पेशंट दोन-तीन दिवस हसत-बोलत असतो, मग यकृत जातं. त्याच्या घरच्यांना मी उलटंच विनवते, बरा दिसतोय म्हणून नेऊ नका.

तुमच्याकडे एवढंच मागते: 108 ला फोन करा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, हातात मोजे घालून. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ते फुप्फुसात जातं. आणि बाटली घेऊन या, रिकामी असली तरी. ती बघून आमचा अर्धा तास वाचतो.

नवव्या दिवशी सकाळी त्या मुलाने डोकं उचललं. उशी आणि डोक्यामध्ये माझी दोन बोटं गेली. अकराव्या दिवशी नळी निघाली. भाऊ स्टीलचा डबा घेऊन दारात उभे. "सिस्टर, पेज देऊ?"

"आज नको, दादा. गिळायला जमतंय का ते आधी डॉक्टर बघतील. डबा ठेवा."