चिंगीला घेऊन रत्नागिरीच्या सड्यावर: चालणं सोपं, पार्सल ऑफिस अवघड

कुत्र्याला घेऊन कोकण किनाऱ्याने पायी फिरलो असं सांगितलं की लोक ऊन, पाणी आणि सापांबद्दल विचारतात. तेही सांगते. पण आधी पार्सल ऑफिसबद्दल बोलायचंय, कारण तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बेत साधा होता. मी, दादा आणि आमची गावठी चिंगी. रेल्वेने रत्नागिरी, तिथून टेम्पोने पावस ओलांडून गावखडी, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने कशेळी, आडिवरे करत वेत्येपर्यंत चालत. स्वतःची गाडी नाही, त्यामुळे रेल्वेच. मोठा कुत्रा स्लीपरला किंवा थ्री-टायरला नेता येत नाही. एक तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे, म्हणजे दोन बर्थची बंद खोली, तुमच्या नावावर हवा, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात ठेवायचं. रात्रभर पत्र्याच्या पिंजऱ्यात चिंगीला ठेवणं मला मान्यच नव्हतं. दोघांची फर्स्टची तिकिटं काढली, कूपेसाठी अर्ज दिला आणि चार्ट लागला तेव्हा कूपे मिळालेला होता. इथवर सगळं सुरळीत.

कूपे मिळाला तरी कुत्र्याचं बुकिंग वेगळं, आणि ते पार्सल ऑफिसात. गाडीच्या तीन तास आधी आम्ही तिथे पोचलो. तिकिटं, ओळखपत्रं, चिंगीचं लसीकरणाचं पुस्तक आणि आदल्या दिवशीचा आरोग्य दाखला, सगळं एका फाइलमध्ये लावलेलं. खिडकीवरच्या माणसाने दाखला उलटसुलट केला आणि परत सरकवला. "हा प्रायव्हेट डॉक्टरचा आहे. सरकारी दवाखान्याचा आणा."

रात्री आठला कुठला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना उघडा असतो? मी विचारलं, असा नियम कुठे लिहिलाय? तो म्हणाला, आमच्याकडे असंच चालतं. दादा आरक्षणाच्या खिडकीवर गेला, त्यांनी पार्सलला पाठवलं. पार्सलवाल्याने पुन्हा आरक्षणाला. ही ये-जा चालू असताना मी चिंगीला घेऊन वजनकाट्याजवळ उभी. शेजारी माशांचे थर्माकोलचे खोके रचलेले, त्यांच्यातून बर्फाचं पाणी गळून फरशीवर ओघळ आलेला. हमालांच्या हातगाड्या अंगावरून गेल्यासारख्या जात होत्या. प्रत्येक खडखडाटाला चिंगीचे कान मागे जायचे आणि ती माझ्या पायाला आणखी चिकटायची. तिने पाण्याला तोंड लावलं नाही. एरवी कुठेही पाणी पिणारी कुत्री ती.

आमच्या आधी एक आजोबा आले होते. टोपलीत म्हातारा पॉमेरेनियन, बरोबर आजी. त्यांनाही हेच उत्तर मिळालं. त्यांनी काही वाद घातला नाही, "बरं साहेब" म्हणून टोपली उचलली आणि निघून गेले. त्या माणसाने आम्हाला अडवलं याच्यापेक्षा त्या दोघांना परत पाठवलं याचा मला जास्त राग आहे.

शेवटी मी एका कागदावर लिहून काढलं: अमुक तारीख, अमुक गाडी, तिकीट आणि कूपे असून खाजगी पशुवैद्याचा दाखला नाकारला. कागद खिडकीतून आत दिला आणि म्हटलं, "साहेब, नकार द्यायचा असेल तर याच्यावर सही करा आणि वेळ घाला. मी वाद घालत नाही, फक्त लेखी द्या." त्याने सही केली नाही. "मोठ्या साहेबांना भेटा," म्हणाला. एवढंच हवं होतं. आतल्या केबिनमधल्या पर्यवेक्षकांनी दाखला हातात घेतला, शिक्क्याखालचा डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघितला, तारीख बघितली आणि बसल्या जागेवरून हाक मारली, "अरे, नोंदणी आहे की यांची. करून टाक." झालं! ज्याच्यासाठी आमचे दोन तास गेले, ते काम तेवढ्याने झालं. पावती हातात आली तेव्हा दादा आजोबांना शोधायला बाहेर धावला. रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन आला. ते गेले होते.

म्हणून सांगते. दाखला प्रवासाआधीच्या २४ ते ४८ तासांतला हवा. त्याच्यावर कुत्र्याचा रंग, जात, नर की मादी, रेबीजच्या लशीची तारीख, डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक, हे सगळं स्पष्ट वाचता आलं पाहिजे. झेरॉक्स जास्तीच्या ठेवा. आणि तोंडी नकार ऐकून घरी जाऊ नका. शांतपणे लेखी मागा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

आता चालण्याबद्दल. हा सगळा किनारा म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. खाली लाटांशी काळा कातळ आणि वर त्याचाच झिजून, कुजून झालेला लाल जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा चाळणीसारखा, पाणी खाली निघून जातं. फेब्रुवारीत सड्यावर गवत पिवळं पडून चुरचुरतं आणि वाडीत उतरल्याशिवाय थेंबभर पाणी मिळत नाही. चिंगीचं पाणी आमच्यापेक्षा जास्त घ्यावं लागलं, कारण कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग गार करतं. हाताची पालथी बाजू कातळावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर तिच्या पंजालाही सोसणार नाही. आम्ही दहाच्या आत चालणं उरकायचो आणि मग कुणाच्या तरी कलमांच्या सावलीत, विचारून, बसायचो. आंब्याच्या बागांत राखणदारांची कुत्री असतात, गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, एकदम उडी मारून येतात. बागेजवळ आलं की पट्टा आखूड धरायचा आणि राखणदाराला लांबूनच हाक द्यायची.

खालून, कातळावरून चालायचं असेल तर तिथी बघून जा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हे किनाऱ्यावर कुणीही सांगेल. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. कुत्रा बरोबर असेल तर याच्यासारखी तिथी नाही. कातळ उघडा असतो आणि अजून तापलेला नसतो. अष्टमीला हीच ओहोटी भर दुपारी बाराला येते, तेव्हा वरच्या वाटेनेच जावं. ओल्या कातळावर कालवांच्या शिंपल्या सुरीसारख्या असतात. चिंगीचा एक पंजा कापला, तो गोड्या पाण्याने धुऊन, पट्टी बांधून वर मोजा चढवला. मोजा तिने दिवसभर ठेवला याचं मला फार कौतुक वाटलं.

गावखडीच्या वाळूवर मात्र पट्टा अजिबात सोडू नका. तिथे आणि वेत्येलाही ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. कुत्र्याच्या नाकाला घरटं कळतं आणि दोन मिनिटांत ते उकरलं जातं.

कशेळीच्या सड्यावरचं हत्तीचं कातळशिल्प, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेलं जुनं चित्र, बघितलं. एवढं मोठं, की त्याच्या कडेने चालल्याशिवाय हत्ती लक्षातच येत नाही. चिंगीला आम्ही रेषांच्या बाहेर, दादाजवळ बसवलं. कशेळीच्याच देवघळीच्या समुद्रकड्यावर वारा इतका की तिचे कान उलटे झाले होते. तिथे कठड्यापासून लांब राहा, कुत्रा समुद्रपक्ष्यामागे झेपावला तर तुम्हालाही ओढून नेईल.

फुरसं हा विषारी साप इथला खरा धोका. दगडांच्या फटीत, वाळक्या पानांत असतं, मातीच्याच रंगाचं. चिंगीला गडग्यांच्या भोकांत नाक घालू दिलं नाही. अंधार पडायच्या आत वस्तीत पोचायचो, बिबट्यामुळेही. गावात कुत्री बिबट्याने नेल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात ऐकायला मिळतात आणि त्या खऱ्या आहेत.

एक राहिलंच. जाताना काढलेला दाखला परतीच्या प्रवासाला चालत नाही, मुदत संपलेली असते. आम्ही निघायच्या आधीच रत्नागिरीतल्या एका पशुवैद्यांना फोन करून वेळ ठरवून ठेवली होती. रविवारी परतायचं असेल तर शनिवारीच दाखला घ्या. परतताना खिडकीवरच्या बाईंनी कागद बघितले, पावती फाडली आणि चिंगीला बिस्किट देऊ का म्हणून विचारलं.