स्टिअरिंग ओरडतंय? आधी इंजिन बंद करून बघा

स्टिअरिंगमधून आवाज येतोय असं कुणालाही सांगून बघा, समोरचा गाडीकडे न बघताच निकाल देतो, रॅक (स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा भाग) गेला. आता रॅक जातो, नाही असं नाही, पण तो या सगळ्यातला महागाचा पार्ट आहे आणि नुसत्या आवाजावरून त्याच्यावर संशय घ्यायचा तर माझ्या मते त्याचा नंबर सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. त्याच्या आधी पाईपची क्लिप, ऑइल, बेल्ट, शॉकअपच्या डोक्यावरचं बेअरिंग, कॉलमचं (स्टिअरिंगखालच्या दांड्याचं) रबर अशी किरकोळ मंडळी रांगेत उभी असतात आणि त्यातली बरीचशी घरच्या घरी पकडता येतात, फक्त थोडा निवांत वेळ आणि स्टिअरिंग फिरवायला एक माणूस पाहिजे.

माझी गाडी जुनी हॅचबॅक, हायड्रॉलिक म्हणजे ऑइलच्या प्रेशरवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगवाली. तिला दोन आवाज एकदम लागले, त्यामुळे गोंधळ जास्त. पार्किंग करताना स्टिअरिंग फिरवलं की बोनेटखालून घूंऽऽऽ असा रडका आवाज, आणि मधूनच टंग! जाड तार ताणून सोडल्यासारखं. दोन्ही स्टिअरिंग फिरवतानाच येणार, म्हणून सगळ्यांना वाटत होतं की दुखणं एकच आहे.

अशा वेळी "कुठून येतोय" या प्रश्नाच्या मागे लागू नका. लोखंडातून आवाज कुठचा कुठे जातो, उजव्या चाकाचा आवाज तुम्हाला डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटेल. "कधी येतोय" ते बघा. गाडी उभी असताना येतो की चालताना, खड्ड्यात येतो की सपाट रस्त्यावर, थंड इंजिनला जास्त की गरम झाल्यावर, स्टिअरिंग फिरत असताना की फुल लॉकला, म्हणजे शेवटच्या टोकाला, टेकल्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन बंद असताना येतो का?

ही इंजिन बंदची टेस्ट फुकट आहे आणि ती बरेच जण करतच नाहीत. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली फक्त लॉक सुटेल इतकीच फिरवलेली, आणि स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवायचं. जड जाईल, जाऊ दे, थोडं हललं तरी पुरे. आवाज आला तर काहीतरी घासतंय, अडकतंय किंवा ढिलं आहे, म्हणजे बेअरिंग, जॉईंट, रबर, शाफ्ट यातलं काहीतरी. आवाज पूर्ण गायब आणि इंजिन चालू केलं की हजर, तर पंप, बेल्ट, ऑइल यांच्याकडे वळायचं. माझ्या गाडीत टंग इंजिन बंद असतानाही आला आणि घूं आला नाही. झाला फैसला, दुखणी दोन आहेत.

त्याच्याही आधी आपल्या गाडीत कुठलं स्टिअरिंग आहे ते माहीत हवं. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग विक्रीच्या गाडीत पहिल्यांदा आलं ते १९५१ साली क्रायस्लर इंपीरियलमध्ये, आणि इलेक्ट्रिक आलं १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीत. आता नव्या छोट्या गाड्यांत जवळपास सगळीकडे इलेक्ट्रिकच असतं, त्यात ना ऑइल ना पंप, त्यामुळे अशा गाडीचं बोनेट उघडून स्टिअरिंग ऑइलची डबी शोधत बसू नका. ओळखायला सोपं आहे, बोनेटखाली स्टिअरिंगचं चित्र असलेलं झाकण आणि त्याची छोटी टाकी दिसली तर हायड्रॉलिक. (काही गाड्यांत इलेक्ट्रिक मोटरवर चालणारा हायड्रॉलिक पंप असतो, म्हणजे टाकी आहे पण बेल्ट नाही, तो मधला प्रकार.)

आता घूं. पहिलं काम टाकीतली लेव्हल बघणं. टाकीवर नाहीतर झाकणाच्या काडीवर मिन-मॅक्सच्या खुणा असतात, काहींवर गरम आणि थंडसाठी वेगळ्या, त्या नीट वाचा. लेव्हल कमी असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो आणि रडतो. पण नुसतं ऑइल ओतून खूश होऊ नका, ही सिस्टीम बंदिस्त आहे, ऑइल कमी झालं म्हणजे कुठून तरी गळलंय. रॅकच्या दोन्ही टोकांना जे रबराचे बूट असतात ते दाबून बघा, आत ऑइल साठलेलं लागलं तर मात्र रॅकचं सील गेलं, तिथे घरगुती उपाय संपला.

माझी लेव्हल बरोबर होती. खाली एक थेंब नाही, पाईप कोरडे. पण इंजिन चालू ठेवून टाकीत टॉर्च मारला तर ऑइल लालभडक असायच्या ऐवजी गढूळ गुलाबी, वर बारीक फेस. फेस म्हणजे हवा. लेव्हल पुरेशी असून हवा येतेय म्हणजे ती टाकी आणि पंप यांच्या मधल्या पाईपातून येतेय. हा जो जाडसर पाईप टाकीतून पंपाकडे जातो त्यात प्रेशर नसतं, उलट पंप त्यातून ऑइल ओढत असतो, म्हणून तिथे फट पडली तर ऑइल बाहेर येण्याच्या ऐवजी हवा आत जाते. पंपाच्या पुढच्या पाईपात फुल लॉकला प्रेशर १०० बारच्या घरात जाऊ शकतं, तिथली गळती लपत नाही, सगळं माखून ठेवते. ओढणाऱ्या बाजूची गळती मात्र कोरडी असते, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही आणि चांगला पंप बदलला जातो, आणि नव्या पंपालाही तोच आवाज येतो.

भाच्याला सीटवर बसवला, इंजिन चालू, आणि मी पक्कडीने त्या पाईपची क्लिप दाबून धरली. "मामा, फिरवू?" "फिरव, हळूहळू." घूं जवळजवळ बंद. क्लिप सोडली, काही वेळाने परत चालू. पुन्हा दाबली, पुन्हा कमी. रबर वर्षानुवर्षं गरम होऊन लाकडासारखं कडक झालेलं आणि स्प्रिंगची क्लिप त्याला धरेनाशी झालेली, एवढंच. (हे करताना बाही वर, हात बेल्टपासून लांब, आणि रेडिएटरचा पंखा न सांगता कधीही सुरू होतो हे डोक्यात ठेवा.) नुसती क्लिप बदलून भागतं का बघायचा मोह होतो पण कडक झालेला पाईप परत कुठेतरी तडकणारच, म्हणून त्याच मापाचा ऑइलचा पाईप घेतला आणि दोन्ही टोकांना स्क्रूवाल्या क्लिपा. ऑइलचा पाईप म्हणजे ऑइलचाच, पाण्याचा नाही, पाण्याचा पाईप ऑइलने फुगून मऊ होतो. काही गाड्यांत या पाईपच्या पंपाकडच्या टोकाला ओ-रिंग असते, तिथे पाईप चांगला आणि ती छोटी रिंगच चपटी झालेली असं असू शकतं, तीही बघा.

ऑइलच्या बाबतीत एकच सांगतो, रंग बघून ओतू नका. बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, बऱ्याच जर्मन गाड्यांना हिरवं सीएचएफ ११एस लागतं, होंडा तर स्वतःचंच मागते. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं तेच घ्या. मी मोठ्या सिरिंजने टाकीतलं जुनं ऑइल काढून नवं भरलं, सगळं बदलत नाही त्याने, पण गाडी थोडी चालवून परत तेच केलं की बऱ्यापैकी साफ होतं.

मग हवा काढायची. पुढची दोन्ही चाकं उचलून जॅक स्टँडवर, मागच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडसर), इंजिन बंद. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, १५-२० वेळा. टाकीत बुडबुडे येताना दिसतात, लेव्हल खाली जाते, भरत राहायचं. घाई केली की हवा ऑइलमध्ये फेटली जाते आणि मग फेस बसेपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून परत थोड्या वेळा, पण लॉकला टेकवून धरायचं नाही, तिथे पाचेक सेकंदांच्या वर धरलं तर ऑइल तापतं आणि पंपाला त्रास. ऑइल परत लाल आणि पारदर्शक दिसायला लागलं की झालं. घूं गेला.

स्टिअरिंग फिरवल्यावर घूंच्या ऐवजी किंचाळल्यासारखं कुईईई आलं तर बेल्ट. चालू इंजिनवर बेल्टच्या रेघांवाल्या बाजूला लांबून थोडं पाणी उडवायचं. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुली एका रेषेत नसण्याची शक्यता, आवाज वाढला तर बेल्ट ढिला पडलाय. बेल्टला तडे दिसले तर टेस्ट वगैरे राहू द्या, सरळ बदला.

आता टंग. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर एक बेअरिंग असतं, चाक वळलं की स्प्रिंगने त्याच्यावर अलगद फिरायचं असतं. त्यात धूळपाणी जाऊन ते जाम झालं की स्प्रिंग फिरत नाही, पीळ खात राहते, आणि पीळ जास्त झाला की एकदम सुटते, तोच टंग. तपासायला गाडी जमिनीवरच ठेवायची, एकाने स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर बाहेरून तळहात टेकवायचा. बोटं वेटोळ्यांच्या मधे घालायची नाहीत, अजिबात नाही. चांगल्या बाजूची स्प्रिंग चाकाबरोबर गुळगुळीत फिरते, खराब बाजूची थांबते आणि हाताखाली टणकन उडी मारते. कानाने मला डावी बाजू वाटत होती, हाताला लागली उजवी.

ओळखलं घरी, पण दुरुस्त घरी केलं नाही. हे बेअरिंग काढायला स्प्रिंग दाबून धरावी लागते आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचं काही खरं नाही. सरळ गॅरेजला सांगितलं की दोन्ही बाजूंचे माउंट आणि बेअरिंग बदला आणि नंतर अलाइनमेंट करा. काय बदलायचं ते आधीच माहीत असल्यामुळे रॅकचा विषय कुणी काढलाच नाही.

केबिनमधून, पायाजवळून, रबर घासल्यासारखं चर्र चर्र येत असेल तर ते सगळ्यात स्वस्त दुखणं. स्टिअरिंगचा शाफ्ट जिथे फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून) पलीकडे जातो तिथे रबराचा बूट असतो, तो कोरडा पडतो. शाफ्ट आणि रबर जिथे घासतात तिथे सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. साधं ग्रीस रबराला फुगवतं, ते नको. आणि आवाज हातातल्या स्टिअरिंगच्याच मधून, हॉर्नच्या मागून येत असेल तर तिथे एअरबॅग आणि तिची गुंडाळलेली केबल आहे, तिथे स्क्रू ड्रायव्हर घेऊन उत्साह दाखवू नका.

इलेक्ट्रिकवाल्यांना बहुतेक वेळा छोटी कटकट ऐकू येते, खडबडीत रस्त्यावर हातात जाणवणारी. कॉलम आणि रॅक जोडणाऱ्या मधल्या शाफ्टचे क्रॉस जॉईंट पकडून बघा, एकाने स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं आणि दुसऱ्याने हात लावून कुठे ढिलं आहे ते चाचपायचं. त्याचा बोल्ट कधी काढायची वेळ आलीच तर आधी दोन्ही भागांवर खूण करा आणि स्टिअरिंग बांधून ठेवा, ते मोकळं गरगर फिरलं तर वरची एअरबॅगची केबल तुटते.

खड्ड्यात खट्ट वाजत असेल तर चाक उचलून, गाडी स्टँडवर ठेवून, घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा, खेळ लागला तर टाय रॉडचं (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीचं) टोक किंवा आतला जॉईंट. १२ आणि ६ वर लागला तर बॉल जॉईंट किंवा चाकाचं बेअरिंग. कशातच खेळ नाही तरी खट्ट आहेच, तर स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) लिंककडे बघा, ती खूपदा दोषी निघते आणि बदलायला सोपी. टाय रॉड आणि बॉल जॉईंटच्या खेळावर मात्र "बघू पुढच्या महिन्यात" चालत नाही, ते निसटलं तर चाक आपल्या मनाने वळतं. फुल वळणावर रेस दिली की टक टक टक, आणि वेगाबरोबर टकटक वाढते, तर तो स्टिअरिंगचा आवाजच नाही, ॲक्सलचा सीव्ही जॉईंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा) आहे, चाकाच्या आतल्या बाजूला रबर फाटून ग्रीस उडालेलं दिसेल.

दोन आवाज मात्र असू द्यायचे. हायड्रॉलिकमध्ये फुल लॉकला टेकल्यावर येणारा स्स्स, तो जादा प्रेशर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा असतो. आणि गुळगुळीत रंगवलेल्या पार्किंगमध्ये वळताना टायर जे चूं चूं करतात ते. त्यासाठी बोनेट उघडायची गरज नाही.