बाराशेवरचा खड्डा

फोनवर एका साउंडवाल्याची तक्रार एवढीच होती : ‘दादा, गाणाऱ्याचा आवाज मागे पडतोय, आणि हॉर्न पुन्हा उडाला.’ हॉर्न म्हणजे वरच्या सुरांचा स्पीकर; पुन्हा म्हणजे तिसऱ्यांदा. नवा डायफ्रॅम, म्हणजे हॉर्नचा हलणारा पडदा, त्याने बसवून घेतला होता. मी फक्त क्रॉसओव्हर बघायचा होता : खालचे सूर वूफरला आणि वरचे हॉर्नला वाटून देतो तो.

एकच टॉप, म्हणजे वूफर आणि हॉर्न असलेली पेटी, चालू ठेवला, समोर माइक लावला, पिंक नॉइज, म्हणजे मोजणीसाठीचा सगळ्या सुरांचा खरखराट, सोडला. हॉर्न म्यूट करून वूफर मोजला, ठीक. वूफर म्यूट करून हॉर्न मोजला, तोही ठीक. दोन्ही एकदम सोडले, तर १२०० हर्ट्झवर, म्हणजे जिथे वूफरकडून काम हॉर्नकडे जातं तिथेच, रेघ ग्राफच्या तळाला टेकली.

सूर कमीजास्त करणाऱ्या इनपुटच्या इक्वलायझरमध्ये नेमका तिथेच ९ डीबीचा बूस्ट. कुणीतरी खड्डा बुजवायला निघालं होतं. ९ डीबी म्हणजे जवळजवळ ८ पट पॉवर, आणि इनपुटवर दिल्यामुळे ती दोघांनाही. वूफर हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी हॉर्न ती मागे ओढतो. दोघांचा जोर सारखाच वाढवला तर बेरीज शून्यच. ऐकू काही येत नाही, डायफ्रॅम मात्र भाजून निघतो. काहीही बिघडलं की इक्वलायझरकडे धावणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

क्रॉसओव्हरचा फिल्टर होता लिंकविट्झ-रायली प्रकारचा, उतार ऑक्टेव्हला, म्हणजे वारंवारतेच्या दर दुपटीला, १२ डीबी. या उतारात क्रॉसओव्हरवर दोन्ही आवाज एकमेकांच्या बरोब्बर उलटे, १८० अंशांवर येतात. म्हणून एकाची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, मुद्दाम उलटी करायची असते. इथे दोन्ही सुलट्या. हॉर्नचं इन्व्हर्ट दाबलं आणि खड्डा भरून निघाला.

‘ते बटण लाल दिसत होतं,’ तो म्हणाला. ‘चुकून दाबलं गेलंय वाटलं, म्हणून मीच काढलं.’

त्याला दोन शब्द सुनवायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्क्रीनवर प्रीसेटचं, म्हणजे साठवून ठेवलेल्या सेटिंगचं, नाव दिसलं : ‘फायनल’. दोन वर्षांपूर्वी मीच घाईत सेव्ह केलेला. इन्व्हर्ट मीच दाबलेलं. कुठे चिठ्ठी नाही, नावात खूण नाही.

मग सगळं २४ डीबीच्या उतारावर नेलं. त्यात दोघे एकाच फेजमध्ये, म्हणजे एकदमच पुढे-मागे, राहतात, इन्व्हर्टची भानगडच नाही. शिवाय ६०० हर्ट्झवर हॉर्नला आधी १४ डीबी कमी जात होतं, आता जवळपास २५. डिले, म्हणजे आवाज मुद्दाम उशिरा सोडणं, मात्र नव्याने बसवावा लागला : पोलॅरिटी तात्पुरती उलटी करायची आणि खड्डा जास्तीत जास्त खोल होईपर्यंत वूफरचा डिले ०.०२ मिलिसेकंदांनी, म्हणजे आवाजाच्या वाटेत सात-सात मिलिमीटरनी सरकवायचा. हे काम मला मनापासून आवडतं. तासभर त्यातच गेला, आणि खरं सांगायचं तर तेवढा वेळ त्याच्याकडे बघावं लागलं नाही.

तीन डायफ्रॅम. बूस्ट त्याचा, पण खड्डा कुणाचा?

त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत. तो ‘का दादा?’ म्हणत राहिला. खरं कारण अजून सांगितलेलं नाही.